आसभार-संतुलन व अवजड मालवाहतूक

वाहनावरील मालाचे वजन त्याच्या निरनिराळ्या आसांवर योग्य प्रमाणात विभागले जावे, अशा रीतीने माल मांडणे अथवा वाहनाची रचना जुळवून घेणे यास आसभार-संतुलन म्हणतात. एका आसाच्या सर्व चाकांमधून रस्त्यावर पडणारे एकूण वजन म्हणजे त्या आसाचा भार होय. वाहनाचे एकूण वजन मर्यादेत असूनही एखाद्या आसावर ते अधिक पडले, तर टायर फुटणे, आस मोडणे, गती-रोधक निकामी होणे, वाहन उलटणे, तसेच रस्ता वा पूल खचणे अशा आपत्ती संभवतात. बैलगाडीच्या बाबतीत या असमतोलाची किंमत प्रथम बैलांच्या मानेला द्यावी लागते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः वऱ्हाडातील जळगाव जामोदच्या परिसरातील भारवाहनाच्या अनुषंगाने या तंत्राचा इतिहास दिला आहे.

मूलतत्त्व : आसभाराचे गणित हे तरफेचे गणित आहे. दोन चाकांच्या गाडीत आस हा टेकू असून धुरीच्या टोकाशी असलेले जू ही तरफेची दुसरी बाजू होय. मालाचा गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर वर असल्यास सर्व वजन चाकांवर जाते. तो पुढे सरकल्यास वजनाचा काही अंश जुवावर येतो. मागे सरकल्यास जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याखालील जुपण्या ताणल्या जातात व बैल गुदमरतात. या दुसऱ्या स्थितीतील गाडीस मराठीत ‘उलाळ’ असा जुना व नेमका शब्द आहे. गाडीवर ८०० किग्रॅ. माल असून आसापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मी. आहे असे मानल्यास, गुरुत्वमध्य आसाच्या पुढे केवळ १० सेंमी. असला तरी जुवावर सु. २७ किग्रॅ. भार येतो. चढउतारावर हे प्रमाण बदलते. गुरुत्वमध्य आसाच्या वर १ मी. असल्यास विसात एक अशा उतारावर तो सु. ५ सेंमी. पुढे गेल्यासारखे होते व जुवावर आणखी सु. १३ किग्रॅ. भार पडतो, चढावर तेवढाच भार कमी होऊन गाडी उलाळ होऊ पाहते. म्हणूनच कापसासारखा हलका परंतु उंच रचला जाणारा माल भरताना गाडीवान सपाटीवर जुवावर थोडा दाब राहील असे पाहतो आणि वाटेत स्वतः पुढे-मागे सरकून समतोल साधतो. हे ज्ञान पुस्तकांतून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे.

पूर्वेतिहास : रस्ते नसलेल्या प्रदेशात फार जड वस्तू हलविणे हे प्राचीन काळापासून राज्यसंस्थेचेच काम होते. दख्खनमधील याचे ठळक उदाहरण म्हणजे विजापूरची ‘मलिक-इ-मैदान’ ही तोफ. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली, सु. ५५ टन वजनाची ही तोफ पुढे परांडा किल्ल्यात होती व तेथून १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. तिला ओढण्यासाठी शेकडो बैल व काही हत्ती जुंपले होते, अशी परंपरागत माहिती आहे. येथे ओढण्याच्या बळाइतकाच भार जमिनीवर पसरविण्याचा प्रश्नही बिकट होता. कारण काळ्या मातीत व नदीपात्रात अरुंद चाक रुतून बसते. जळगाव जामोदच्या पूर्वेस सातपुड्याच्या रांगेत असलेल्या नरनाळा किल्ल्यावरील ‘नऊगजी’ तोफही अशाच अवघड वाहतुकीची साक्ष देते.

मोठे वजन मोजण्याविषयीची एक प्रसिद्ध आख्यायिकाही याच काळातील आहे. भीमा व इंद्रायणी यांच्या संगमावर १६३३ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने तुळादान केले व त्यावरून त्या गावास तुळापूर हे नाव पडले. हत्तीचे वजन करण्याची अडचण शहाजी राजांनी सोडविली, असे सांगतात. हत्तीस नावेत उभे करून पाण्याची खूण केली, नंतर त्याच खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरून ते दगड तोलले. अखंड वजन ज्या तराजूत मावत नाही ते भागाभागाने तोलावे, हा या कथेचा आशय आहे. पुढे वाहनाचा एकेक आस काट्यावर आणून एकूण वजन काढण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रात दूरची मालवाहतूक मुख्यतः वंजारी व लमाणी तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. बैलाच्या पाठीवरील गोणीतही समतोल हाच कळीचा मुद्दा होता. दोन्ही बाजूंचे वजन सारखे नसल्यास गोणी घसरे व पाठ सोलवटून जनावर निकामी होई. गाड्या होत्या; पण त्यांची चाके भरीव व ओबडधोबड असल्याने त्या स्थानिक कामापुरत्याच उपयोगी पडत. बोर घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्यानंतर काही वर्षांतच सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या हलक्या गाड्या तयार करण्याचा कारखाना काढण्यात आला. आरे, लाकडी पुठ्ठे व त्यांवर लोखंडी धाव असलेली गाडी हळूहळू देशभर पसरली.

वऱ्हाडातील कापूस वाहतूक : निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले, तेव्हा येथील कापसाचा काही भाग लमाणी बैलांवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत, तर काही मुंबईकडे जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाची मागणी एकाएकी वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला फाटा मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला या मार्गाने १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंब–खामगाव हा स्वतंत्र लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला व त्याच्या उद्‌घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. रेल्वेमुळे बैलगाडी मागे पडेल असा समज होता. प्रत्यक्षात स्थानकापर्यंत माल आणण्यासाठी गाड्यांची गरज वाढलीच.

जळगाव हे सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णा नदीच्या उत्तरेस वसलेले तालुक्याचे गाव आहे. खानदेशातील जळगावपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यास शेजारच्या जामोद गावाचे नाव जोडून जळगाव जामोद म्हणतात. हा तालुका पूर्वी अकोला जिल्ह्यात होता; तो १९०५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात समाविष्ट झाला. लोहमार्ग पूर्णेच्या दक्षिणेकडून गेल्याने येथील कापसास नांदुऱ्याचे स्थानक गाठण्यासाठी पूर्णेचे खोरे ओलांडावे लागे. वाट खोल काळ्या जमिनीतून जाते. ही माती पाणी शोषून फुगते व उन्हात आकसून भेगाळते. पावसाळ्यात तीवरून भरलेली गाडी नेणे जवळजवळ अशक्य असे. कापसाची वेचणी पावसाळ्यानंतर सुरू होई, ही वाहतुकीच्या दृष्टीने अनुकूल गोष्ट होती. तथापि हिवाळ्यातही चाकोऱ्या खोल गेलेल्या असत. गाडीचे एक चाक चाकोरीत व दुसरे वर राहिले की सगळा भार खालच्या चाकावर येऊन आख मोडण्याची भीती असे.

वऱ्हाडात ओझ्याच्या गाडीस बंडी, तर माणसांच्या हलक्या गाडीस दमणी म्हणतात. हा भेद केवळ आकाराचा नाही. दमणीत माणसे आसाच्या जवळपास बसतात व त्यांना बसल्या जागी सरकता येते. बंडीतील माल मात्र एकदा आवळला की हलत नाही. म्हणून बंडी भरताना प्रथम आसावरचा थर, मग पुढचा व मागचा असा क्रम ठेवणे आणि मधूनमधून धुरी हाताने उचलून पाहणे आवश्यक ठरते. धुरी एका माणसास जेमतेम उचलता यावी, ही समतोलाची सोपी व पुरेशी कसोटी होय.

धाव, टायर व रस्ता : बैलगाडीचे एकूण वजन कमी असले, तरी तिच्या चाकाचा रस्त्याला होणारा स्पर्श फारच अरुंद असतो. सु. ५ सेंमी. रुंदीच्या लोखंडी धावेखाली कठीण पृष्ठावर काही चौ. सेंमी. इतकीच जागा टेकते. त्यामुळे एका चाकावर ५०० किग्रॅ. भार असल्यास तेथील दाब दर चौ. सेंमी. ला ३० ते ५० किग्रॅ. इतका होऊ शकतो. मालमोटारीच्या हवाभरल्या टायरखाली तो सामान्यतः ७ ते ८ किग्रॅ. असतो. साहजिकच खडीच्या रस्त्याचा भुगा करण्यात लोखंडी धावेचा मोठा वाटा होता. मोटार आल्यावर तिच्या टायरांनी हा भुगा उडू लागला आणि दोन्ही प्रकारच्या वाहनांस चालेल असा रस्ता कसा बांधावा, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाच्या सोडवणुकीत महाराष्ट्राचा वाटा महत्त्वाचा आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने १९२८ मध्ये आपला अहवाल दिला. त्यानुसार १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी व १९३४ मध्ये भारतीय रस्ते परिषद (इंडियन रोड्स काँग्रेस) अस्तित्वात आली. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशातील रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखण्यात आली. ‘नागपूर योजना’ या नावाने ती ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तीतूनच रूढ झाली. तिचा अप्रत्यक्ष परिणाम असा, की कोणत्या रस्त्यावर किती भार अपेक्षित धरावा हे प्रथमच सुसूत्रपणे ठरू लागले. मलकापूर–नांदुरा–खामगाव–अकोला हा मार्ग पुढे राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ चा भाग बनला. २०१० मधील पुनर्क्रमांकनानंतर तो क्र. ५३ झाला.

हवाभरल्या टायरांची गाडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात आली व पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात विशेष प्रचारात आली. ओढण्यास हलकी असल्याने तीवर अधिक ऊस भरला जाऊ लागला. परिणामी रस्ता वाचला, पण बैलांची मान वाचली असे म्हणता येत नाही. उसाच्या मोळ्या धुरीवर पुढपर्यंत रचल्या जातात, त्यामुळे उतारावर व गाडी थांबल्यावर मोठा भार जुवावर येतो. भारवाहक जनावरांवरील १९६५ च्या केंद्रीय नियमांत जनावराचे आकारमान व चाकांचा प्रकार पाहून ओझ्याच्या कमाल मर्यादा ठरविल्या आहेत. परंतु जुवावर उभा पडणारा भार हा प्रश्न केवळ एकूण ओझ्याच्या मर्यादेने सुटत नाही. सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये धुरीखाली तिसरे लहान चाक बसवून हा भार जमिनीवर उतरविण्याची योजना केली व तिला ‘सारथी’ असे नाव दिले. तत्त्वतः ही दोन आसांची गाडीच होय.

आसभाराचे नियमन : मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये आसभाराची व्याख्या समाविष्ट होती व त्या जागी आलेल्या १९८८ च्या अधिनियमातही ती कायम राहिली. मर्यादा ठरविण्यास शास्त्रीय आधार मिळाला तो मुख्यतः अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८–६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीमुळे. निरनिराळ्या भारांच्या मालमोटारी खास बांधलेल्या वळशांवर सतत फिरवून तेथे रस्त्याची झीज मोजण्यात आली. रस्त्याची हानी आसभाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे भार दुप्पट झाल्यास हानी सु. सोळापट होते. त्यासाठी ८.१६ टन (१८,००० पौंड) हा प्रमाण आस मानतात.

भारतात एकेरी आसाची (चार टायरांच्या) मर्यादा १९८३ मध्ये ८.१६ टनांवरून १०.२ टनांवर नेण्यात आली. वजनातील ही वाढ २५ टक्के असली, तरी चौथ्या घाताच्या नियमाने रस्त्याची झीज सु. २.४ पट होते. जुलै २०१८ मध्ये ही मर्यादा ११.५ टन, तर जोड-आसांची १९ टनांवरून २१ टन करण्यात आली. एकसंध मालमोटारीसाठी ४९ टन व ट्रेलरयुक्त वाहनासाठी ५५ टन ही एकूण वजनाची कमाल मर्यादा ठरली. प्रमाण आसाच्या तुलनेने ११.५ टनी आसाची हानी सु. ३.९ पट भरते. जादा भार भरून त्यापोटी शासनाला ठोक रक्कम भरण्याच्या काही राज्यांतील पद्धती सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवैध ठरविल्या. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भारासाठी २०,००० रु. व प्रत्येक जादा टनास २,००० रु. दंड, तसेच जादा माल उतरविण्याची तरतूद लागू झाली.

कायदा एकूण वजनाबरोबर प्रत्येक आसाचेही वजन पाहतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अर्ध-ट्रेलरचे पुढचे टोक ओढमोटारीवरील फिरत्या जोडतबकावर टेकलेले असते व मागचे टोक स्वतःच्या आसांवर. २४ टन मालाचा गुरुत्वमध्य जोडापासून ५ मी. वर व मागील आसगट ८ मी. वर असल्यास मागे १५ टन व पुढे ९ टन भार येतो. माल १ मी. मागे सरकविल्यास हेच आकडे १८ व ६ टन होतात. मीटरमागे ३ टन भार स्थलांतरित होतो. माल हलविणे शक्य नसल्यास काही ट्रेलरांत मागील आसगट किंवा जोडतबकच पुढे-मागे सरकवून खिळ्यांनी पक्के करण्याची सोय असते. पुढे भार फार कमी झाला, तर ओढमोटारीच्या चाकांची पकड सुटते. फार वाढला, तर तिचे आस मर्यादेबाहेर जातात. वऱ्हाडात आता कापूस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीसही हेच लागू पडते. एका आसाच्या ट्रॉलीत माल मागे झुकल्यास ती जोडाशी उचलली जाऊन ट्रॅक्टरची मागील चाके घसरतात. पुढे अति झुकल्यास चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू चालेनासे होते. उलाळ बंडीचा दोष असा नव्या वाहनात नव्या रूपाने अवतरतो.

द्रवीय खंडयुक्त ट्रेलर : वीजकेंद्रांचे रोहित्र, जनित्राचा स्थिर भाग, रासायनिक कारखान्यांतील पात्रे यांसारख्या अखंड वस्तूंचे वजन शंभर टनांहून अधिक असू शकते. पारस, भुसावळजवळील दीपनगर, कोराडी, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांच्या उभारणीबरोबर अशा ओझ्यांची वाहतूक महाराष्ट्रात वाढत गेली. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपात विकसित झालेले द्रवीय ट्रेलर वापरतात. शॉयर्ले व गोल्डहोफर या जर्मन आणि निकोला ही फ्रेंच कंपनी या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. या ट्रेलरात अनेक आसरांगा असून प्रत्येक रांगेत सामान्यतः आठ टायर असतात. भारतीय नियमांनुसार अशा एका रांगेस १८ टन भार अनुज्ञेय आहे. १५० टन वजनाचे रोहित्र व ४२ टन वजनाचा बारा रांगांचा ट्रेलर असे उदाहरण घेतल्यास प्रत्येक रांगेवर १६ टन भार येतो. मात्र हे सरासरीचे गणित आहे. सर्व रांगांवर तो खरोखर सारखा पडावा, यातच या रचनेचे मर्म आहे.

प्रत्येक आस एका दंडगोलातील दट्ट्यावर उभा असतो व एका गटातील सर्व दंडगोल नळ्यांनी परस्परांस जोडलेले असतात. एखादे चाक उंचवट्यावर चढले, की त्याच्या दंडगोलातील तेल इतरांकडे जाते. सर्वत्र दाब सारखा राहतो व म्हणून भारही सारखा राहतो. साध्या कमानींच्या वाहनात अशा वेळी ते एक चाक शेजाऱ्यांचा भार स्वतःवर घेते. सर्व दंडगोल एकाच गटात जोडले, तर मात्र ट्रेलरचा पाट कोणत्याही बाजूस मुक्तपणे कलेल. म्हणून त्यांचे तीन वा चार गट करतात. तीन गटांचा आधार तिवईप्रमाणे असमतल जमिनीवरही डगमगत नाही. परंतु गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा त्या त्रिकोणाच्या आत राहिलीच पाहिजे. चार गटांत उलटण्याविरुद्ध सुरक्षितता वाढते, पण गटागटांतील भाराची विभागणी असमान होण्याचा संभव असतो. प्रत्येक गटाचा दाबमापक हाच चालकाचा काटा होय. डाव्या व उजव्या गटांचे दाब सारखे असल्यास माल मध्यरेषेवर आहे असे समजते.

रस्त्याचा आडवा उतार हा येथील सर्वांत फसवा शत्रू आहे. वरील रोहित्राचा गुरुत्वमध्य ३ मी. उंच व रस्त्याचा आडवा उतार ४ टक्के असल्यास त्याची उभी रेषा १२ सेंमी. बाजूस सरकते. दोन बाजूंच्या आसांत १.८ मी. अंतर असेल, तर एका बाजूवर १० टन भार वाढतो व दुसऱ्या बाजूवर तेवढाच घटतो. म्हणजे ७५–७५ ऐवजी ८५–६५ अशी विभागणी होते. यासाठी खालच्या बाजूचे दंडगोल तेल भरून लांबवितात व पाट समतल ठेवतात. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यात कच्ची बाजूपट्टी चाकाखाली खचते. चाक डांबरी कडेवरून उतरले, तर दंडगोलाची लांबण्याची क्षमता अपुरी पडून समतोल एकदम ढळतो. म्हणून अशी वाहने रस्त्याच्या मध्यातून व संथ गतीने नेतात.

पुलांवर भाराची एकाग्रता अधिकच घातक ठरते. भारतीय रस्ते परिषदेच्या संकेतांत पुलांच्या अभिकल्पासाठी निरनिराळे भारवर्ग आहेत. त्यांत अलीकडे २० आसांच्या द्रवीय ट्रेलरसह ३८५ टन वजनाच्या विशेष वाहनाचाही विचार केलेला आहे. असे वाहन पुलाच्या मध्यरेषेवरून, ताशी ५ किमी. पेक्षा अधिक नसलेल्या वेगाने व पुलावर दुसरे वाहन नसताना न्यावे लागते. जुन्या पुलांची या भारासाठी स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

ओझ्याचे वजन हेच नेहमी मुख्य अडचण असते असे नाही. अंबरनाथ येथून जुलै २०१९ मध्ये निघालेले विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ऑटोक्लेव्ह हे यंत्र ७४ चाकांच्या वाहनावरून जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरम येथे पोहोचले. त्याचे वजन सु. ७० टन, उंची ७.५ मी. व रुंदी ६.६५ मी. होती. वाटेतील तारा, झाडे व अरुंद रस्ते यांमुळे, तसेच त्या वर्षीच्या टाळेबंदीमुळे या प्रवासास एक वर्ष लागले. भार पुरेशा चाकांवर वाटता येतो. रुंदी मात्र वाटता येत नाही.

महत्त्व : बैलगाडीपासून द्रवीय ट्रेलरापर्यंत साधने बदलली, तरी जमिनीने किती भार सोसावा व तो कोणावर पडावा हा प्रश्न तोच राहिला आहे. जादा भारातून वाहकास मिळणारा लाभ लगेच दिसतो. त्याची किंमत मात्र जनावर, चालक, मागून येणारा प्रवासी आणि रस्त्याचा खर्च सोसणारा समाज यांना उशिरा व विखुरलेल्या स्वरूपात द्यावी लागते. म्हणून वजनकाटे, आसमर्यादा व दंड यांच्या जोडीला माल भरणाऱ्या माणसाचे ज्ञानही आवश्यक आहे. धुरी हाताने उचलून गाडीचा तोल पाहणाऱ्या बंडीवाल्याजवळ ते होते. मालधक्क्यावर ट्रक व ट्रॉली भरणाऱ्यास ते पद्धतशीर शिकविण्याची गरज आहे.